चंद्रावर पहिलं पाऊल कुणाचं?

माझ्या बापानं शाळेत शेवटचा मार खाल्ला तो दारासिंगमुळं.

१९७५-७६ चं साल असेल. बाप चौथीत होता. मास्तरांनी विचारलं, चंद्रावर पहिलं पाऊल कुणी ठेवलं? सगळा वर्ग गप. मागं दाराजवळ आमची पोरं बसायची. तिथून बापानं हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उत्तर येत होतं. उभा राहिला आणि छातीठोक म्हणाला, "दारासिंगनं."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी बापाला पुढं बोलावलं, दोन्ही हातांवर छड्या दिल्या आणि म्हणाले, तुमच्या लोकांची अक्कल तंबूतल्या पिक्चरपुरतीच. बाप परत दाराजवळ जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी गेला नाही. तिसऱ्या दिवशी आज्ज्यानं त्याला मालकाच्या म्हशींमागं धाडला. शाळा संपली.

पण दोस्तांनो, बाप खोटं बोलला नव्हता. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा यायचा. जुनी, झिजलेली रिळं आणायचे. सगळ्यात पुढं, जमिनीवर, पडद्याला नाक लावून आमची माणसं बसायची, कारण ती जागा सगळ्यात स्वस्त. तिथं त्यानं दारासिंगला यानात बसून चंद्रावर उतरताना पाहिला. आर्मस्ट्राँगला चंद्रावर चालताना कुणी दाखवला होता त्याला? गावात रेडिओ होता तो चावडीवर. चावडीच्या पायरीखाली उभं राहून जे कानावर पडेल तेवढं आमचं.

मागच्या वर्षी रातपाळीत मी तो पिक्चर मोबाइलवर शोधून काढला. नाव 'चांद पर चढाई'. साल १९६७. दिग्दर्शक टी. पी. सुंदरम. दारासिंग, अन्वर हुसेन, पद्मा खन्ना, हेलन. संगीत उषा खन्नाचं. आर्मस्ट्राँग उतरला जुलै १९६९ मध्ये. म्हणजे हिशोब केला तर दारासिंग दोन वर्षं आधीच जाऊन आला होता. बापाचं उत्तर सालाच्या हिशोबानं बरोबर होतं.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. तुटलेली तार जोडायची, भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या. डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही. दोन वाजता जेवणाच्या सुट्टीत गठ्ठ्यांवर आडवं होऊन मी तो पिक्चर चार रात्रींत तुकड्या-तुकड्यानं पाहिला. बाजूला जोडीदार घोरत होता. नाकातोंडाला फडकं, डोक्याला फडकं, भुवयांवर कापूस. आमच्यात आणि त्या चंद्रावरच्या माणसांत मला काय फार फरक वाटला नाही. गिरणीत रात्री अडीच वाजता सगळीकडं पांढरी रुई उडत असते, आवाजानं कान बधिर झालेले असतात, माणूस माणसाशी खुणेनं बोलतो. चंद्र म्हणजे दुसरं काय असणार?

आता पिक्चरचं सांगतो. पैसा नव्हता हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. काळा-पांढरा पिक्चर. यान म्हणजे पत्र्याच्या पिंपाचा मोठा भाऊ. चंद्रावरचे डोंगर पुठ्ठ्याचे असावेत असं वाटतं. राक्षसाच्या आत माणूस घामाघूम झाला असेल हे दिसतं. कॅप्टन आनंद म्हणजे दारासिंग, आणि त्याच्यासोबत त्याचा जोडीदार भागू, म्हणजे अन्वर हुसेन. दोघं चंद्रावर पोचतात. तिथं राजकन्या आहे, दरबार आहे, नाचगाणं आहे, दुसऱ्या ग्रहावरचे सैनिक आहेत, राक्षस आहेत. दारासिंग त्यांच्याशी लढतो. कशानं लढतो? बंदूक, किरण, यंत्र, काही नाही. कुस्तीनं. विज्ञानाचा पिक्चर आणि हत्यार काय, तर धोबीपछाड. माणूस यानानं चंद्रावर गेला आणि तिथं जाऊन शड्डू ठोकला.

शिकलेला माणूस हे बघून हसेल. मीही हसलो. पण दुसऱ्या रात्री हसू आलं नाही. कारण बघता बघता कळलं की हा पिक्चर शिकलेल्या माणसासाठी केलेलाच नव्हता. तो केला होता तंबूत जमिनीवर बसणाऱ्यासाठी. ज्याच्याजवळ यंत्र नाही, फक्त अंग आहे, त्याला दाखवायचं होतं की नुसत्या अंगाच्या जोरावरही चंद्र जिंकता येतो.

सिनेमातसुद्धा जाती आहेत. अ दर्जा, ब दर्जा, क दर्जा. मारामारीच्या पिक्चरला स्टंटपट म्हणायचे आणि स्टंटपट म्हणजे खालच्या आळीतला. त्यात काम करणारा नट वरच्या आळीत जाईना. मुमताजनं दारासिंगबरोबर ओळीनं पिक्चर केले, तर मोठे नायक तिच्याबरोबर उभे राहायला कचरत होते, असं सिनेमावाले सांगत आलेत. स्टंटपटातली म्हणून. हे ऐकलं की मला आपलं काही आठवत नाही असं कोण म्हणेल? शिवलं म्हणून बाटलं, एवढीच ती गोष्ट. आणि या पिक्चरांचा प्रेक्षक कोण होता? हमाल, गिरणीवाला, टांगेवाला, विडीवाल्या बायांची पोरं. सोलापूर हे विडीचं आणि मागाचं गाव. इथल्या टॉकीजात पुढच्या बाकावरून शिट्टी वाजली की ती आमची असायची.

दारासिंग खरा पैलवान. किंगकाँग नावाच्या पैलवानाशी त्याच्या कुस्त्या गाजल्या. १९६२ साली 'किंगकाँग' नावाचाच पिक्चर आला. १९६८ साली त्यानं मुंबईत लू थेझ या अमेरिकन मल्लाला हरवलं. पुढं १९८७ ला दूरदर्शनवरच्या रामायणात तो हनुमान झाला, आणि लोक पडद्याला हात जोडायला लागले. तिथं मात्र आमच्या बापानं त्याच्याशी नातं तोडलं. बाप म्हणाला, "चंद्रावर गेलता तवा आमचा व्हता. आता शेपूट लावून त्यांचा झाला."

बापाच्या या वाक्यामागं तालीम आहे. आज्जा अंगानं दणकट होता. गावच्या तालमीत जायची त्याची फार इच्छा. तालमीत मारुती, आणि मारुती म्हणजे देऊळ, आणि देवळात आपण नाही. बाहेर उभं राहून तो भिंतीच्या फटीतून डाव बघायचा आणि ओढ्याच्या वाळूत भावाबरोबर करून बघायचा. ढाक, कलाजंग, घिस्सा, सगळे डाव त्याला फटीतून आले. मी एकदा विचारलं, कुस्तीला एवढी आडकाठी का? लेझीम, कवायत याला इतकी नव्हती. तो म्हणाला, "बाबा, कुस्तीत अंगाला अंग लागतंय की. घामाला घाम लागतोय. धरल्याबिगर पाडता येत न्हाई." हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. अस्पृश्यता टिकवायची असेल तर सगळ्यात आधी आखाडा बंद करायला पाहिजे. कारण लाल मातीत पाठ लागली की ती कुणाची पाठ हे माती विचारत नाही.

म्हणून दारासिंग राक्षसाला मिठी मारून उचलतो तेव्हा मला राक्षस दिसत नाही, आज्जा दिसतो. चंद्रावर त्याला कुणी फटीतून बघायला लावत नाही.

आणि एक गोष्ट. कॅप्टन आनंद चंद्रावर उतरतो तेव्हा त्याला कुणी 'कुणाचा रं तू?' म्हणून विचारत नाही. आडनाव विचारत नाही. गाव कुठलं, गावात घर कुठल्या अंगाला, विचारत नाही. त्याचं नाव नुसतं आनंद. आनंद हे नाव आमच्यात घरटी एक असतं. मी गठ्ठ्यावर आडवा पडून मनात म्हणालो, आला बघ आपला माणूस! बाबुराव बागुलांच्या कथेतल्या नायकाला जात चोरावी लागली होती. इथं चोरायचीच गरज नाही, कारण विचारणाराच नाही. कुणी माझ्याकडून लिहून घ्यावं, आमच्यातल्या प्रत्येकानं लहानपणी एकदा तरी असा ग्रह मनात तयार केलेला असतो.

पण तिसऱ्या रात्री मनात खटकलं.

चंद्र नवा आहे ना? तिथं माणूस पोचला नव्हता ना? मग तिथं सिंहासन आधीच कसं? दरबार कसा? राजकन्या कशी? भालदार-चोपदार कुठून आले? ज्या माणसांनी पुठ्ठ्यातून यान उभं केलं, त्यांना राजा नसलेलं गाव मात्र उभं करता आलं नाही. कल्पना यंत्राची केली, समाजाची केलीच नाही. पुठ्ठा तोच आणि खर्चही तोच. सिंहासनाऐवजी एक गोल सतरंजी टाकली असती तर पैसे वाचलेच असते!

१९६३ साली मद्रासला 'कलै अरसी' नावाचा तमिळ पिक्चर झाला. एमजीआर त्यात शेतकरी आहे. दुसऱ्या ग्रहावरचे लोक येऊन गाणारी बाई पळवून नेतात, कारण त्यांच्या ग्रहावर सगळं आहे पण संगीत नाही. बघा म्हणजे. यान बनवायची अक्कल आहे, पण बाईला विचारून न्यायची अक्कल नाही. हे मला पाटलाच्या वाड्यासारखंच वाटलं. वाड्यावर सगळं असायचं आणि गाणं मात्र आमच्या वस्तीतून उचलून न्यायचे.

यंत्र आलं म्हणजे जात जाईल, असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. मी यंत्रावर उभा असतो म्हणून सांगतो, यंत्र काही आपोआप घालवत नाही. मुंबईच्या गिरण्यांत माग विलायतेचे होते. त्या मागाच्या धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. झालं! अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा दुसरा कसा तोंडात घालणार? म्हणून मागखात्यात आमच्या माणसाला घेत नसत, आणि मागखात्यातच पगार जास्त. आमचा माणूस रिंगखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर उभा केला, की कामगार-कामगार एक म्हणता, मग मागखातं आम्हाला बंद का? विलायतेहून बोटीनं यंत्र आलं आणि त्याच्या एवढ्याशा धोट्यात जात जाऊन बसली. मग यानात बसून चंद्रावर जायला तिला काय अडचण?

सोलापूरची जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही आता बंद पडलेल्या गिरण्यांची नावं. भोंग्यावर घड्याळ लावणारं हे गाव आता मोबाइलवर लावतं. मी अजून रिंगखात्यातच आहे. आता कुणी धोटा तोंडात घालत नाही. पण डबा खाताना गोल कसा पडतो, कोण कुणाच्या भाजीत हात घालतो, हे मी रोज बघतो.

आता माझ्या लढाईचं सांगतो.

आमच्या वस्तीत विहाराच्या हॉलमध्ये कराटेचा वर्ग निघाला. बाहेर बोर्ड लागला : मार्शल आर्ट. आजी बोर्डापुढं थांबली. तिला वाचता येत नाही, पोरानं वाचून दाखवलं. तर घाबरी होऊन घरी आली, "मार्शल पुन्हा लागलं का रं?" सोलापुरात मार्शल म्हणजे १९३० चा मार्शल लॉ. तिच्या आईनं सांगितलेल्या गोष्टी तिच्या डोक्यात. गोऱ्यांची फौज रस्त्यावर, घराबाहेर पडायचं नाही, आणि पुढं जानेवारी १९३१ ला चौघांना फाशी. मी म्हणालो, आजी, हे ते मार्शल नाही, हे हातपाय चालवायचं आहे. ती म्हणाली, "मंग शिक. त्ये मार्शल आलं तरी कामाला येतंय."

कराटे शिकताना आम्ही ब्रूस लीचे पिक्चर बघितले. त्याचा 'द बिग बॉस' १९७१ चा. त्यात तो बर्फाच्या कारखान्यातला कामगार. १९७२ च्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'मध्ये बागेच्या दारावर पाटी आहे, कुत्र्यांना आणि चिनी माणसांना मज्जाव. ब्रूस ली उडी मारून ती पाटी लाथेनं फोडतो. विहारात पन्नास पोरं होती. पाटी फुटली तेव्हा जो आवाज झाला तो मी विसरणार नाही. आम्हाला भाषा कळत नव्हती, पाटी कळली. महाडच्या तळ्यावर कुत्रं पाणी पिऊ शकत होतं आणि माणूस पिऊ शकत नव्हता. ती पाटी २० मार्च १९२७ ला फुटली, लाथेनं नाही, ओंजळीनं. आणि शिकवणारे दादा सांगायचे, शाओलिन हा बुद्धाच्या भिक्खूंचा मठ, ही विद्या तिथं वाढली, म्हणजे हीही आपलीच. मारुतीच्या तालमीबाहेर उभ्या राहिलेल्या आज्ज्याचा नातू बुद्धाच्या तालमीत आत उभा होता. मला तपकिरी पट्टा मिळाला तेव्हा आज्जा नव्हता. पट्टा मी त्याच्या फोटोला लावून ठेवलाय.

'चांद पर चढाई' पाहिल्यावर आम्ही चौघांनी ठरवलं, आपणही असा पिक्चर काढायचा. मोबाइलवर. वीस मिनिटांचा. पैसा नाही तर नाही, त्यांच्याकडं तरी कुठं होता? गोष्ट मी लिहिली. सोलापूरचा एक गिरणीकामगार कराटे शिकतो, भंगारातून यान बनवतो, चंद्रावर जातो. चंद्रावर राजा नाही. ते आम्ही पक्कं ठरवलं होतं. चंद्रावर वेस नाही, वेशीबाहेर वस्ती नाही. पण व्हिलन तर पाहिजे. मग पृथ्वीवरनं काही माणसं आमच्या मागोमाग येतात आणि तिथं वेस बांधायला लागतात. त्यांच्याशी लढाई. आणि प्रेम तर पाहिजेच, नाहीतर बघणार कोण? म्हणून एक मुलगी.

मुलगी म्हणजे कोण, हे लिहिताना माझ्या डोक्यात होतं. ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती, विणकराच्या घरातली. वर्षभर आम्ही बसस्टॉपवर बोलत होतो. तिचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर नुकसान तिचं आणि कौतुक माझं.

मी तिला गोष्ट वाचून दाखवली. तिनं शांतपणे ऐकली. मग विचारलं, "यात मी काय करते?"

मी म्हणालो, "तू चंद्रावर असतेस."

"तिथं काय करते?"

"तो येतो ना. तू त्याची वाट बघतेस."

ती म्हणाली, "मग त्यासाठी चंद्रावर कशाला जाऊ? वाट तर मी हितं पण बघतेच की. यान मला पण चालवायला येईल. दिवसाला किती टॉवेल शिवते माहितीय का तुला? मशीन मला कळतं."

दोस्तांनो, मी गप्प बसलो. राजाचं सिंहासन मी चंद्रावरनं काढलं होतं. पण नायकाचं सिंहासन ठेवलं होतं आणि त्यावर स्वतः बसलो होतो. सुंदरमच्या पिक्चरला हसणारा मी, माझ्या कथेत बाईला करायला काही कामच नव्हतं. मी गोष्ट बदलली. यान ती चालवते. तो शेजारी बसतो. आम्ही दोन रविवार शूटिंग केलं, शहराबाहेर मुरमाच्या खाणीत. मे महिन्यात सोलापूरचा मुरूम असा तापतो की चंद्र वेगळा दाखवायची गरज पडत नाही. ती शिलाईच्या मशीनची जुनी चाकं घेऊन आली होती, यानाला लावायला.

तिसऱ्या रविवारी ती आली नाही. संध्याकाळी तिचे भाऊ आले. तिघं.

सिनेमात मी त्यांना लोळवलं असतं. तपकिरी पट्टा, चार वर्षांचा सराव. पवित्रा घेतलाही. पण पाय थरथरत होते, ते खोटं कशाला सांगू. आणि तेवढ्यात मला दिसलं, मधल्याच्या केसांत कापूस होता. कानाच्या पाळीवर कापूस होता. तो पाळी सुटून तसाच आला होता. माझ्या कानावर असतो तसाच. मी हात खाली केले. त्यांनी मारलं. फार नाही, पण मारलं. जाताना जे बोलले ते जातीचं होतं आणि ते इथं लिहायची गरज नाही, तुम्हाला पाठ आहे.

वस्तीत कळलं. पोरं जमली. शंभर जण जाऊ म्हणाली. कायदा आहे, केस करू म्हणाली. मी नको म्हणालो. केस केली की तिचं नाव येणार, तिची फरपट होणार. २०१४ साली नगर जिल्ह्यात खर्ड्याला आपला एक शाळकरी पोरगा वरच्या जातीच्या मुलीशी बोलला या संशयावरनं मारला गेला, आणि २०१७ ला खटल्यातले आरोपी सुटले. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त काळी चिमणी जाळून राख टाकली की मुलगी आपली होईल म्हणून रानात फिरणारं पोरगं दाखवलं, आणि २०१६ च्या 'सैराट'मध्ये शेवट काय होतो तो सगळ्या महाराष्ट्रानं बघितला. राखेचं आणि यानाचं दोन्हींचं काम एकच. ह्या जमिनीवर जे होऊ देत नाहीत ते करायला दुसरा काही उपाय शोधायचा.

तिला कामावरनं काढून घरी बसवलं. दिवाळीनंतर लग्न झालं. लांब दिलं.

त्या रात्री मी हात खाली का केले, यावर आमच्या चौघांत अजून भांडण आहे. एक म्हणतो, तू भ्यालास बे. दुसरा म्हणतो, तू कामगार म्हणून विचार केलास, ते कामगार म्हणून आले होते का? ते जात म्हणून आले होते. त्याचं बरोबर आहे. १९३८ ला मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मी कापूस बघितला आणि एकच शत्रू लक्षात ठेवला. दुसरा माझ्या अंगावर लाथ घालत होता. पण उलट मारलं असतं तर पहिला शत्रू हसला असता, हेही खरं. मी उत्तर काढून बसलो नाही. तुमच्यापैकी जो कुणी अभ्यासवर्ग घेत असेल त्यानं हा प्रश्न वर्गात ठेवावा. मात्र एक अट आहे, वर्गात पोरी बसलेल्या असाव्यात. कारण आमच्या चौघांच्या भांडणात कुणीच विचारलं नाही की तिला काय पाहिजे होतं. मीही नाही.

आणि आपल्याकडं बोट दाखवल्याशिवाय हे लिहिणं पुरं होत नाही. माझ्या बापाला सगळं कळलं तेव्हा तो पहिलं वाक्य काय बोलला? "आपल्यातली मिळत न्हवती व्हय?" ज्या माणसाला तालमीचा, शाळेचा, चावडीचा सगळा अपमान माहीत आहे, त्याच्या तोंडून. आपल्यातही वेशी आहेत. शेजारच्या आळीतल्या आपल्याच दलित भावाच्या घरी सोयरीक करायला किती जण तयार आहेत, हात वर करा.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. मी दुसऱ्या पाळीला होतो. संध्याकाळी सहा वाजून गेले होते. सुपरवायझरनं स्वतःच्या मोबाइलवर दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मनापासून. खर्च सुमारे ६१५ कोटी, जगाच्या मानानं कमी, असं सगळे सांगत होते. स्वस्तातला चंद्र हे आपल्या देशाला जमतंच, सुंदरमनं पुठ्ठ्यात केला, यांनी खरा केला. ज्यांनी केला त्यांच्या बुद्धीला माझा जयभीम. पण तीन दिवसांनी, २६ ऑगस्टला, उतरलेल्या जागेला नाव दिलं गेलं : शिवशक्ती. मला 'चांद पर चढाई'तलं सिंहासन आठवलं. आपण पोचायच्या आधी देव पोचला. यान विज्ञानाचं, पाटी देवळाची. आणि ज्या देशाचं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरतं, त्याच देशात २०१३ चा कायदा असून माणूस गटारात उतरतो, आणि तो कुठल्या जातीचा हे तुम्हाला सांगायला नको.

त्या रात्री घरी आलो. बाप जागा होता. टीव्हीवर पुन्हा पुन्हा तेच दाखवत होते. मी म्हणालो, "आप्पा, आता परीक्षेत विचारलं, चंद्रावर पहिलं पाऊल कुणी ठेवलं, तर काय सांगशील?"

बाप बराच वेळ टीव्हीकडं बघत राहिला. मग तळहात उलटा करून बघितला, जिथं पन्नास वर्षांपूर्वी छडी बसली होती तिथं. म्हणाला, "पयलं कुनी ठिवलं त्ये ठिवू दे. तितं गेल्यावर आपल्याला कुठं बशीवत्यात, त्ये बघ."

आमचा पिक्चर अर्धा पडून आहे. मोबाइलमध्ये चौदा मिनिटं आहेत. त्यात ती यानात बसलेली आहे, शिलाईच्या मशीनचं चाक हातात धरून, आणि समोर बघतेय. तो तुकडा मी कुणाला दाखवत नाही, पुसलाही नाही. गोष्टीची वही मात्र मी पुन्हा काढलीय. चंद्रावर राजा नाही, वेस नाही, पाटी नाही. आता शेवट लिहायचा राहिलाय, आणि तो एकट्यानं लिहिणार नाही. विहारात दर गुरुवारी पाळी सुटल्यावर बसतो. या. ज्या बहिणींना यान चालवायचं आहे त्यांनी आधी या.

जयभीम.